श्वास खरंच मोजता का? सेप्सिस आणि सेप्टिक शॉकच्या पेशंटची शुश्रूषा

सांजवात

१९ वर्षं आयसीयूत परिचारिका आहे. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. परवा रात्री वॉर्डातून एक पेशंट आमच्याकडे हलवला, त्याच्याबरोबर आलेला चार्ट पाहिला आणि राहवलं नाही.

पोटाच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. चार्टवर श्वास: सकाळी ६ ला १८, १० ला १८, दुपारी २ ला १८, संध्याकाळी ६ ला १८. मी खाटेशी उभं राहून पूर्ण मिनिटभर मोजला, ३२ भरला. जिवंत माणसाचा श्वास दिवसभर एकाच आकड्यावर थांबत नाही. तो आकडा कुणी मोजलेला नव्हता, नुसता लिहिलेला होता. बीपी १०४/४०. वरचा आकडा शंभरावर, म्हणून कुणाला धास्ती वाटली नाही. पण सरासरी दाब काढा: खालचा आकडा, अधिक दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा. ४० अधिक २१, म्हणजे ६१. निदान ६५ हवा. चार तासांत युरिन ७० मिली, आणि पेशंटचं वजन ६८ किलो. तासाला किलोमागे अर्धा मिली धरला तरी १३६ हवी होती. त्यांची बायको दुपारपासून सांगत होती, "हे आज नेहमीसारखे बोलत नाहीत."

चारही खुणा तिथेच होत्या. एकत्र कुणी पाहिल्या नाहीत.

सेप्सिस म्हणजे नुसतं "रक्तात जंतू शिरले" असं नाही. २०१६ साली व्याख्या नव्याने ठरली. संसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि त्या लढाईतच स्वतःचे अवयव निकामी व्हायला लागतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. पुरेसं सलाईन देऊनही सरासरी दाब ६५ वर ठेवायला औषध लागतं आणि लॅक्टेट (पेशींवर ताण आला की रक्तात चढणारा घटक) २ च्या वरच राहतं, तेव्हा तो सेप्टिक शॉक. तिथवर पोचलेल्या दहांपैकी चारांहून जास्त जण घरी परत जात नाहीत. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंतला जवळजवळ पाचवा हिस्सा.

दुसऱ्यांकडे बोट दाखवायला लिहीत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आजींचा श्वास मीही असाच अंदाजाने लिहिला होता. ताप नव्हता, उलट अंग गार, ३५.६. मी पांघरूण घातलं, झोपल्यात असं समजून पुढच्या खाटेकडे गेले. पहाटे हाक मारली तर उठेनात. आज कळतं, तो थंडपणाच ताप होता. म्हातारी शरीरं ताप चढवायचीही ताकद गमावून बसतात.

तुम्ही काय बघता, काय चुकलं, काय जमलं, ते इथे लिहा. डॉक्टर, नातेवाईक, बरे झालेले पेशंट, सगळ्यांनी लिहा.

नवी पालवी

ताई, मला नोकरी लागून चार महिने झाले. तुमचं वाचून पोटात गोळा आला, कारण १८ मीही लिहिलाय.

एक विचारू? कधी कधी शंका येते, पण रात्री डॉक्टरांना फोन करायची भीती वाटते. ते विचारतात, "ताप आहे का? बीपी किती?" मी सांगते ११०. ते म्हणतात, "लक्ष ठेवा." लक्ष ठेवा म्हणजे मी नेमकं काय करू?

शिकवणी

नवी पालवी, अगदी बरोबर जागेवर बोट ठेवलंस. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि दर वर्षी हाच प्रश्न येतो.

"लक्ष ठेवा" हा आदेश अर्धाच आहे. उरलेला अर्धा तू मागून घ्यायचा: "किती किती वेळाने बघू? कोणता आकडा आला तर परत फोन करू?" उत्तर मिळालं की वेळेसकट नोंदवहीत लिही. तुझ्यासाठी आणि पुढच्या पाळीसाठी.

आणि फोनवर बोलायची तयारी आधी कर. कागदावर लिहून घेतलंस तरी चालेल, मी अजून लिहिते. आधी कोण आणि काय झालंय, मग थोडक्यात मागची हकिगत, मग तुला काय वाटतं, आणि शेवटी तुला काय हवंय. उदाहरणार्थ: "सर, ९ नंबरच्या पेशंटचा श्वास २८ आहे, मी मिनिटभर मोजलाय. सकाळी २० होता. काल लघवीचा कॅथेटर घातलाय, युरिन गढूळ आणि चार तासांत ६० मिली. सरासरी दाब ६३. संध्याकाळपासून तारीख सांगता येत नाही. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही येऊन बघावं, आणि येईपर्यंत मी लॅक्टेट आणि कल्चर (जंतू वाढवून बघायला रक्त) काढू का?"

यात कुठेही "जरा बरं वाटत नाही" नाही. तरीही कुणी आलं नाही, तर वरच्या डॉक्टरांना फोन करायचा. त्यात कसला उद्धटपणा?

तुमच्याकडे इशारा-गुणांचा तक्ता असेल तर तो पूर्ण भर. नवा न्यूज-२ तक्ता २०१७ पासून आहे. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान मिळून गुण धरतात. ५ किंवा जास्त आले तर तातडीने डॉक्टर, ७ किंवा जास्त तर आणीबाणी. यात श्वास २५ किंवा त्याहून वर असला की एकट्या श्वासाचेच ३ गुण. नव्याने आलेल्या गोंधळलेपणालाही ३. आता बघ, खोटा १८ लिहिला की तुझा तक्ताच आंधळा होतो.

डॉ. मुक्तछंद

अतिदक्षता विभागात काम करतो. रात्री तीनला फोन उचलणारा माणूस मीच, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. "पेशंट बरा दिसत नाही" ऐकून झोप उडत नाही. "मला सेप्सिसची शंका आहे" ऐकून उडते. हा शब्द उच्चारा. शंका खोटी ठरली तर माझी तासभर झोप गेली, एवढंच.

तीन ठिकाणी मी स्वतः फसलोय. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) घेणाऱ्या पेशंटची नाडी शॉकमध्येही ८० च राहते. नेहमी १६० बीपी असणाऱ्याला ११० हे कमीच. आणि बाळंतपणानंतरच्या तरुण बाया शेवटच्या क्षणापर्यंत तग धरतात, बोलतात, हसतात, आणि मग एकदम कोसळतात. त्यांच्या वाढलेल्या नाडीला "दमल्यात" म्हणून सोडू नका.

श्वास २२ किंवा जास्त, बीपी १०० किंवा कमी, शुद्धीत बदल, ही तीन खुणांची छोटी चाचणी पुष्कळांना पाठ असते. पण ती नकारार्थी आली म्हणजे सेप्सिस नाही, असं नव्हे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तिच्या एकटीच्या भरवशावर चाळणी करू नका असंच सांगितलंय.

औषधपेटी

मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. अँटिबायोटिकबद्दल लिहितो, कारण या बाबतीत दोन वेळा असतात: आदेश लिहिल्याची आणि औषध शरीरात गेल्याची. मधला वेळ कुणीच मोजत नाही.

२००६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की सेप्टिक शॉकमध्ये बीपी पडल्यापासून योग्य अँटिबायोटिक द्यायला पहिल्या सहा तासांत जितके तास उशीर, तितकी दर तासाला जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. हे सगळ्या तापाच्या पेशंटना लागू नाही. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाच्या आत. शॉक नाही आणि निदानाबद्दल शंका आहे, तर झटपट तपासण्या करून तीन तासांच्या आत ठरवा, असं सध्याचं धोरण आहे. उगाच सगळ्यांना जड अँटिबायोटिक मारणंही घातकच.

सिस्टर लोकांसाठी काही गोष्टी, ज्या पुस्तकात कोपऱ्यात असतात:

दोन अँटिबायोटिक लिहिली असतील आणि लाइन एकच असेल, तर जे हळूहळू इंजेक्शनने थेट देता येतं आणि जास्त जंतूंना लागू पडतं ते आधी द्या. बहुतेक वेळा ते बीटा लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातलं, असतं. व्हॅन्कोमायसिनच्या एका ग्रॅमला किमान तास लागतो. ते आधी लावलं तर महत्त्वाचं औषध तासभर ट्रेमध्येच पडून राहतं. मी हे घडलेलं पाहिलंय. व्हॅन्को घाईने सोडलं की चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, बीपी उतरतं. आधीच बीपी पडलेल्या पेशंटला ते परवडणारं नाही.

दुसरं, आयव्ही सेटच्या नळीत दहा-वीस मिली द्रव शिल्लक राहतो. ५० मिलीच्या बाटलीत औषध दिलंत आणि बाटली संपली म्हणून सेट काढून फेकलात, तर डोसचा मोठा वाटा कचऱ्यात गेला. त्याच नळीतून सलाईन सोडून ती धुवून घ्या.

ॲलर्जी विचारा, पण "पेनिसिलिनची ॲलर्जी" एवढ्यावर थांबू नका. काय झालं होतं ते विचारा. मळमळणं आणि घसा सुजणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

सांजवात

औषधपेटी, नळीतल्या शिल्लक औषधाचं आमच्याकडे निम्म्या स्टाफला माहीत नव्हतं. उद्याच्या हँडओव्हरमध्ये सांगते.

याला कल्चर जोडून घ्या. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांहून दोन सेट. कातडी क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने घासून वाळू द्या. ओल्या जागेवर सुई टोचली तर जंतू मरत नाहीत आणि वरचे कातडीवरचे जंतू बाटलीत उतरतात. मग आठवडाभर नको तो उपचार चालतो. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. दोन-तीन मिली घालून "कल्चर पाठवलं" म्हणणं म्हणजे न पाठवल्यासारखंच. बटरफ्लायने (नळी जोडलेल्या पंखवाल्या सुईने) काढत असाल तर सेटमधल्या दोन बाटल्यांपैकी ऑक्सिजनवाली आधी, नळीतली हवा तिच्यात जाते. सिरिंजने काढलं तर उलट क्रम. सेंट्रल लाइनवर (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर) संशय असेल तर एक सेट लाइनमधून, एक हातातून, एकाच वेळी आणि सारखंच रक्त. लाइनवालं दोन तास किंवा जास्त आधी वाढलं तर लाइनच दोषी.

पण शीर सापडत नाही म्हणून अर्धा-पाऊण तास टोचत बसू नका. अशा वेळी अँटिबायोटिक थांबवायचं नाही.

लॅक्टेटचा नमुना घट्ट टूर्निकेट फार वेळ बांधून, मूठ आवळायला लावून घेऊ नका. बर्फात ठेवून लगेच पोचवा. रेंगाळला तर आकडा खोटाच चढतो. पहिलं २ च्या वर आलं तर परत पाठवायचं, उतरतंय का ते बघायला. ॲड्रेनॅलिन चालू असेल किंवा लिव्हर बिघडलं असेल तरी ते चढतं, म्हणून पेशंटला हात लावल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

कोवळं ऊन

लहान मुलांच्या आयसीयूत आहे. एकच कळकळीचं सांगणं: मुलांचं बीपी पडायची वाट पाहू नका. मुलं वाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतात. ते पडलं की फार उशीर झालेला असतो. नाडी धावतेय, हातपाय गार, बोट दाबून सोडल्यावर रंग परतायला वेळ लागतोय, बाळ दूध ओढत नाही, आई म्हणते "हे माझं बाळच वाटत नाही", एवढं पुरे.

आणि सलाईन मोजून. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातला मुलांवरचा फीस्ट अभ्यास आला. गंभीर संसर्ग असलेल्या मुलांना भराभर बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेलं सलाईन) दिले, तर ४८ तासांत त्या गटातली सुमारे १०.५ टक्के मुलं गेली. बोलस न दिलेल्या गटातली ७.३. तिथे व्हेंटिलेटर आणि आयसीयू नव्हते हे खरं, पण पाणी हे औषध आहे आणि त्याचाही डोस असतो, हे त्याने जगाला शिकवलं.

नवी पालवी

मग मोठ्यांना ३० मिली प्रतिकिलो द्यायचं की नाही? कॉलेजात तर तेच घोकून घेतलं होतं. ६० किलोच्या पेशंटला १८०० मिली. हार्टचा पेशंट असेल तर मला लावायला भीती वाटते.

डॉ. मुक्तछंद

भीती रास्त आहे. ३० मिली प्रतिकिलो हे बीपी पडलेल्या किंवा लॅक्टेट चढलेल्या पेशंटला पहिल्या तीन तासांत द्यायचं, असं २०२१ च्या सूचना म्हणतात, पण "सुचवतो" या भाषेत. २०१६ मध्ये तीच शिफारस ठाम होती. म्हणजे जाणकारांचा स्वतःचा विश्वास थोडा सैल झालाय.

माझं मत: सुरुवातीला हात आखडू नका. सेप्सिसमध्ये पाणी वाहिन्यांतून खरंच निसटलेलं असतं, हार्ट आणि किडनीच्या पेशंटचंही. पण एकदम १८०० लावून पाठ फिरवू नका. दर २५०–५०० मिलीनंतर थांबा आणि बघा. इथे तुमचे डोळे माझ्यापेक्षा जास्त उपयोगी आहेत, कारण मी तिथे नसतो.

शिकवणी

डॉक्टरांशी थोडा मतभेद. "थांबा आणि बघा" असं सांगताना काय बघायचं ते सांगा, नाहीतर परत "लक्ष ठेवा"च झालं.

सलाईनने फायदा होतोय तर: सरासरी दाब वर, नाडी खाली, हात कोमट, युरिन सुरू, पेशंट जास्त जागा. नुकसान होतंय तर: श्वास वाढतोय, छातीच्या तळाशी चर्र आवाज, ऑक्सिजन जास्त लागतोय, मानेच्या शिरा फुगल्यात. फायदा नाही आणि नुकसान नाही, असंही होतं. तेव्हा आणखी पाणी ओतण्यापेक्षा बीपी चढवणारं औषध सुरू करायची चर्चा करायची.

बोट दाबून रंग परतायचा वेळ बघणं मला फार मोलाचं वाटतं. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या २८ रुग्णालयांत ४२४ पेशंटवर अँड्रोमेडा-शॉक अभ्यास झाला. एका गटात लॅक्टेट बघून उपचार, दुसऱ्यात ही बोटाची चाचणी बघून. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के मृत्यू, बोटाच्या गटात ३४.९. संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक ठाम सिद्ध झाला नाही, पण फुकटची चाचणी महागड्या चाचणीपुढे कमी पडली नाही. त्यांनी उजव्या तर्जनीच्या टोकावर काच १० सेकंद दाबून धरली, सोडल्यावर ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर बिघाड. आपण सगळे अर्धा सेकंद दाबतो आणि "ठीक" लिहितो.

रक्त कमी पोचलं की गुडघ्याभोवती जांभळी जाळी उठते, पण सावळ्या कातडीवर ती सहज दिसत नाही. ओठांच्या आतली बाजू, तळवे, पापणीची आतली बाजू बघा. आणि आपला हात गुडघ्यावर ठेवा. गार गुडघे मला कधी चुकीचं सांगत नाहीत.

सांजवात

शिकवणी मॅडम, गुडघ्यावर हात ठेवायचं मला माझ्या पहिल्या इनचार्ज सिस्टरनी शिकवलं होतं. वाचून त्यांची आठवण आली.

आता नॉरॲडबद्दल, म्हणजे नॉरॲड्रेनॅलिनबद्दल. सेप्टिक शॉकची रात्र सगळ्यात जास्त इथेच बिघडते, म्हणून सविस्तर लिहिते.

बीपी चढवायला हे पहिलं औषध. सेंट्रल लाइनची वाट बघत बीपी पडलेलं ठेवायचं नाही. कोपराच्या खळगीत किंवा तिच्या वर चांगली जाड शीर असेल तर तिथून थोड्या वेळासाठी सुरू करता येतं. मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर मात्र नको. लावल्यावर जागा झाकून ठेवू नका. मी सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी बोट लावून बघते: पांढरी पडली का, गार, सुजलेली, दुखतेय का. औषध शिरेबाहेर गेलं तर ताबडतोब बंद. कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) लगेच उपसायची नाही आणि फ्लशही करायची नाही. आधी तिच्यातून जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्या, हात उंच ठेवा, डॉक्टरांना बोलवा. फेन्टोलामाइन (आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध) मिळत असेल तर ते त्या जागी टोचतात. आणि इथे बंद करताक्षणी नॉरॲड दुसऱ्या लाइनवर सुरू झालं पाहिजे, नाहीतर हात वाचवताना पेशंट जाईल. म्हणून दुसरी लाइन आधीपासून तयार हवी.

सिरिंज बदलणं. या औषधाचा असर एक-दोन मिनिटांत ओसरतो. सिरिंज संपल्यावर नवी भरायला लागलात तर ती भरेपर्यंत बीपी ४० वर आलेलं असतं. अर्धा तास आधी नवी भरून, लेबल लावून तयार ठेवा. शक्य असेल तर नवा पंप सुरू करून, त्याचं औषध पोचलं, बीपी वर सरकलं, की जुना हळूहळू उतरवा. त्या नळीवर लेबल लावा आणि तिच्यातून दुसरं काहीही ढकलू नका. एकदा एका नव्या मुलीने त्याच पोर्टमधून पॅन्टोप्रॅझोल (ॲसिडिटीचं औषध) दिलं. नळीतलं सगळं नॉरॲड एकदम आत गेलं, बीपी २४० वर. ती रडत होती. चूक तिची नव्हती, लेबल नव्हतं.

ट्रान्सड्यूसर (आर्टरीतल्या नळीवरून दाब मोजणारं यंत्र) हृदयाच्या पातळीला: बगलेच्या मध्यरेषेवर, चौथ्या फासळीच्या फटीशी. खाट वरखाली केली, पेशंटला कुशीवर वळवलं, की परत जुळवा. १० सेंटिमीटरच्या फरकाने साधारण ७ ते ८ मिमीची चूक येते. मॉनिटर ६८ दाखवतो आणि खरा दाब ६० असतो, किंवा उलट, आणि आपण विनाकारण औषध वाढवत बसतो.

डोस किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅमच्या वर सरकायला लागला की डॉक्टरांना आठवण करा. व्हॅसोप्रेसिन हे बीपीचं दुसरं औषध जोडायचा विचार त्याच्या आसपास होतो. तोच डोस चार तास लागतोय तर हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा. त्यानंतर शुगर चढते. १८० किंवा वर गेली की इन्सुलिन. आणि शॉकमध्ये बोट टोचून काढलेल्या शुगरवर विश्वास ठेवू नका, गार बोटातलं रक्त खोटं बोलतं. आर्टरी लाइनमधून घ्या.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. खाटेचं डोकं ३० अंशांवर, तोंडाची स्वच्छता, पेशंटची कूस बदलणं, डोळ्यांची काळजी. नॉरॲडवरच्या पेशंटच्या टाचा आणि माकडहाड लवकर काळवंडतात, तिथे रक्त आधीच कमी असतं.

पाऊलवाट

मी या क्षेत्रातली नाही. मागच्या वर्षी माझी आई सेप्सिसने गेली. गावाचं, रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, त्याने काही होणार नाही.

लघवीचा संसर्ग होता. सकाळी ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. मी दोनदा सांगितलं. "वयामुळे होतं" असं उत्तर मिळालं. संध्याकाळी एका सिस्टर आल्या. त्यांनी मला विचारलं, "आई घरी कशा असतात? पेपर वाचतात? हिशेब करतात?" मी म्हणाले, रोज शब्दकोडं सोडवते. त्यांचा चेहरा बदलला आणि त्या धावत गेल्या. तोवर उशीर झाला होता. पण त्या दिवसभरात तेवढा एकच प्रश्न मला कुणीतरी खरा विचारला होता. तो सकाळी विचारला असता तर, हे मी अजूनही रोज मनात आणते.

नातेवाइकांना विचारा. ताप किती, ते आम्हाला कळत नाही. आमचं माणूस आमचं राहिलं नाही, हे कळतं.

सांजवात

पाऊलवाट, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही दोनदा सांगितलंत, तुमच्याकडून काही राहिलं नाही. राहिलं ते आमच्याकडून.

आमच्या दाखल करायच्या फॉर्मवर "घरी कशा असतात" ही ओळ नाही. मी उद्या हाताने लिहायला सुरुवात करते.

काठावरचा

मी वाचलो. न्यूमोनियातून सेप्टिक शॉक, ११ दिवस व्हेंटिलेटरवर. तुमच्या दृष्टीने मी बेशुद्ध होतो. माझ्या दृष्टीने मी एका बोटीत होतो, सलाईनचा स्टँड हा माणूस होता आणि तो मला मारायला आला होता. म्हणून मी नळ्या ओढत होतो. हात बांधले तेव्हा खात्रीच पटली.

त्या सगळ्यात एक आवाज होता. एक ब्रदर प्रत्येक वेळी हात लावण्याआधी माझं नाव घ्यायचे, आज कोणता वार, किती वाजले, आणि ते काय करणार आहेत ते सांगायचे. "आता घसा साफ करणार आहे, खोकला येईल, मी इथेच आहे." मी उत्तर देऊ शकत नव्हतो. पण बोटीला तेवढाच काठ होता.

घरी आल्यावर कुणी सांगितलं नव्हतं की केस गळतील, जिना चढताना पाय थरथरतील, साधी बेरीज चुकेल, रात्री दचकून उठेन. मला वाटलं मी वेडा होतोय. हे सेप्सिसनंतर पुष्कळांना होतं हे मला सहा महिन्यांनी कळलं. डिस्चार्जच्या वेळी दोन वाक्यं सांगितली असती तर ते सहा महिने सोपे गेले असते. आणि परत ताप, थंडी, धाप, गोंधळ झाला तर वाट न बघता या आणि "मला आधी सेप्सिस झाला होता" असं सांगा, हेही सांगा.

कोवळं ऊन

काठावरचा, सलाम. आमच्याकडे काही जणी आयसीयूची डायरी ठेवतात, आज काय झालं, कोण भेटायला आलं, साध्या भाषेत. नंतर पेशंट वाचतात आणि हरवलेले दिवस जोडतात. तुम्हाला कुणी दिली होती का?

काठावरचा

नाही. माझ्या मुलीने व्हॉट्सॲपवर भावाला रोज लिहिलेलं होतं, तेच मी वाचलं. तेरा वेळा वाचलं असेल.

नवी पालवी

काल नाईट होती. इथे आधी लिहिते, मग झोपते.

१४ नंबर, पायाच्या जखमेसाठी दाखल, ५८ किलो. रात्री १:१० ला श्वास मोजला, पूर्ण मिनिट, २७. आधीच्या पाळीत १८ होता. ताप ३७.४ च. बीपी ९८/४४, सरासरी ६२. मुलाला उठवून विचारलं, बाबा नेहमी असे गप्प असतात का? म्हणाला, नाही, संध्याकाळपासून. पट्टी सोडली, जखमेच्या कडेपलीकडे चार बोटं लाली गेली होती, वास येत होता.

कागदावर लिहून फोन केला. हात थरथरत होता. "मला सेप्सिसची शंका आहे" म्हणाले. डॉक्टर सात मिनिटांत आले. १:३० ला दोन्ही सेट कल्चर, लॅक्टेट ३.९. १:४२ ला पहिलं अँटिबायोटिक आत, नळी धुवून. सलाईन ५०० नंतर थांबून बघितलं, फुफ्फुस साफ, मग पुढचं ५००. पाचला सर्जन आले, जखम उघडून पू काढला. नॉरॲड लागलं नाही. सातला लॅक्टेट २.१.

एक चुकलं. फोन करण्याआधी युरिन मोजायची विसरले, डॉक्टरांनी विचारल्यावर उत्तर नव्हतं. कॅथेटर नंतर घातला.

सांजवात

नवी पालवी, शाब्बास. पू काढल्याशिवाय अँटिबायोटिक एकटं काही करू शकलं नसतं, म्हणून पट्टी सोडून बघितलीस ते सगळ्यात चांगलं केलंस. कॅथेटर घातल्याची तारीख लिही आणि रोज विचार, आज निघेल का.

शेवटच्या तासात युरिन किती?

नवी पालवी

४५ मिली, ताई.